चोरामागे धावायचं कोणी?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं दुकानातल्या चोरीबद्दलची निघाली. एक घणसोलीच्या मुलीचं, एक घोडबंदर रोडवर काम करणाऱ्या मुलाचं आणि एक नौपाड्यातल्या दुकानदारांचं. मी स्वतः ठाण्यात कपड्यांच्या दुकानात कॅशवर बसले, पुढे वाशीत सुपरमार्केटच्या फ्लोअरवर आले, स्टोअर सांभाळलं, आणि आता नव्याने कामाला लागणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्यामुळे ही पत्रं वाचून स्वस्थ बसवेना. आजचं पान या तिघांचं.

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहते. कोपरखैरण्यात एका सुपरमार्केटमध्ये कॉस्मेटिक्सच्या सेक्शनला आहे. ऑफ-रोल आहे, पगार ठेकेदाराकडून येतो. एका बाईंनी क्रीमच्या दोन ट्यूब पर्समध्ये टाकल्यासारखं मला वाटलं, म्हणून मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "बघत काय बसलीस, जा, अडव तिला." मी रिक्षा स्टँडपर्यंत मागे गेले. बाईंनी पर्स उघडायला नकार दिला, आवाज चढवला, गर्दी जमली, एकाने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. मी तशीच परत आले. नंतर ऑडिटमध्ये माझ्या सेक्शनला माल कमी निघाला आणि माझ्या पगारातून अठराशे रुपये कापले. विचारलं तर "तुझ्या सेक्शनचा माल, तुझी जबाबदारी" एवढंच उत्तर. चोर पकडणं माझं काम आहे का? आणि असे पैसे कापता येतात का? घरी अजून काही बोललेले नाही.

उत्तर : चोर पकडणं तुझं काम नाही, आणि असे पैसेही कापता येत नाहीत. आता एकेक बघू.

तू लिहितेस की त्यांनी ट्यूब टाकल्यासारखं वाटलं. म्हणजे रॅकवरून उचललेलं दिसलं, पर्सकडे गेलेला हात दिसला, मधलं दिसलं नाही. फ्लोअरवर हे दिवसभर चालू असतं. बायका मोबाइल काढायला पर्समध्ये हात घालतात. घेतलेली वस्तू नको झाली की बिस्किटांच्या रॅकवर ठेवून देतात. म्हणून जिथे नीट शिकवतात तिथे नियम कडक असतो : वस्तू उचलताना पाहिली पाहिजे, लपवताना पाहिली पाहिजे, त्यानंतर नजर एकदाही हटलेली नसली पाहिजे, आणि ते गिऱ्हाईक बिलिंग ओलांडून गेलं पाहिजे. यातलं एक जरी हुकलं तरी कोणी त्याच्या वाटेला जायचं नाही. बिलिंगच्या आधी तर नाहीच, कारण "मी पैसे देणारच होते" या वाक्यापुढे दुकानाला बोलायला काही उरत नाही. सगळं जुळलं तरी जायचं ते मॅनेजरने किंवा सिक्युरिटीने, सोबत दुसरं माणूस घेऊन, आणि दाराच्या आत. उंबरा ओलांडला की विषय संपला. रस्त्यावर, पार्किंगमध्ये, रिक्षा स्टँडवर कोणीही धावत जायचं नाही.

हे मी भित्रेपणाने सांगत नाही. बाहेर कोण उभं असतं ते आपल्याला माहीत नसतं. तूप, सुकामेवा, ब्लेडची पाकिटं, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे असा महागडा आणि पटकन विकला जाणारा माल उचलणारे बरेचदा जोडीने येतात. एक जण फ्लोअरवरच्या मुलीला बोलण्यात गुंतवतो, दुसरा माल काढतो आणि बाहेर बाइक चालू असते. दोन ट्यूबांसाठी तू त्या बाइकला आडवी जावंस असं सांगणाऱ्या माणसाने स्वतः केबिनमधून बाहेर यावं.

कायदाही तुझ्या मॅनेजरना वाटतो तितका त्यांच्या बाजूचा नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या (आयपीसीच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. अशी किरकोळ चोरी अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनाही वॉरंटशिवाय अटक करता येत नाही अशी, आणि जामीनपात्र धरली आहे. साध्या नागरिकाला दुसऱ्याला धरून ठेवण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० देतं, पण तो डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता. शिवाय धरलेल्या माणसाला विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पोलीस कधी कुठलं कलम लावतील ते त्यांचं काम. पण दोन ट्यूबांसाठी तू त्या बाईंचा हात धरला असतास आणि पर्समध्ये काहीच निघालं नसतं, तर बेकायदा अडवल्याचं कलम १२६ तुझ्या नावावर लागलं असतं. अडव म्हणणाऱ्याचं नाव कागदावर येईपर्यंत तुझे खेटे सुरू झाले असते.

मग संशय आला तर करायचं काय? जवळ जायचं आणि बोलायचं. "मॅडम, बास्केट देऊ का? हातात किती धरणार?" किंवा "या क्रीमचा मोठा पॅक आलाय, दाखवू?" एवढंच, आवाजात शंका न ठेवता. खरंच घेणाऱ्या बाईंना ही मदत वाटते. उचलायला आलेल्याला कळतं की या मुलीचं लक्ष आहे. माझ्या पाहण्यात चोरी जितकी या एका वाक्याने थांबली तितकी कॅमेऱ्यांनी थांबली नाही. वस्तू गुपचूप परत रॅकवर येते, कोणाचा अपमान होत नाही, तुझा हात कोणाला लागत नाही. दारावरचा गेट वाजला तरी हाच सूर ठेवायचा : "बिलिंगला टॅग काढायचा राहिला असेल, एक मिनिट बघून देते." बहुतेक वेळा खरोखरच टॅग राहिलेला असतो, किंवा दुसऱ्या दुकानातल्या कपड्याचा टॅग पिशवीत असतो. गेट वाजला म्हणजे चोरी झाली असं धरून धावत सुटणारा सिक्युरिटीवाला मला कधीच आवडला नाही.

बोलूनही गेलंच कोणी घेऊन, तर वेळ, वस्तू, कपड्यांचा रंग आणि कुठला कॅमेरा हे वहीत लिहून मॅनेजरना द्यायचं. तुझं काम तिथे संपतं. समोरच्याने धमकी दिली, हत्यार दाखवलं, तर चार पावलं मागे व्हायचं आणि ११२ लावायचा. मालाकडे बघायचंही नाही.

आता अठराशे रुपये. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधीच्या १९३६च्या वेतन कायद्यातही हाच नियम होता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल स्पष्टपणे तुझ्या ताब्यात सोपवलेला असला पाहिजे आणि तो थेट तुझ्या हलगर्जीमुळे गेलेला असला पाहिजे. कापण्याआधी तुला तुझी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाहीत. कुलपाच्या कपाटाची चावी सही घेऊन तुझ्याकडे दिली असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्या उघड्या रॅकला दिवसभर येणारं-जाणारं प्रत्येक माणूस हात लावतं, दोन शिफ्टच्या मुली भरतात आणि कंपन्यांचे प्रमोटर मांडतात, तो माल तुझ्या एकटीच्या ताब्यात होता कधी?

आणि ऑडिटला कमी आलेला प्रत्येक नग चोरानेच नेलेला असतो हे तुला सांगितलं कोणी? मी स्टोअर सांभाळत होते तेव्हा ऑडिटची शीट घेऊन रात्री बसायचे. एका शेडची लिपस्टिक सहा नग कमी, शेजारच्या शेडची सहा नग जास्त. कॅशवरच्या मुलाने घाईत एकाच शेडचा बारकोड सारखा मारलेला. 'एकावर एक फ्री'मधला फुकटचा नग बिलात घेतलाच नाही, म्हणून स्टॉकमध्ये तूट. गाडी आली तेव्हा मागच्या दाराला बॉक्स न उघडताच चलनावर सही केली, आत माल कमीच होता. फुटलेल्या बाटल्या, मुदत संपलेला माल परत पाठवला पण सिस्टिममध्ये कोणी चढवला नाही. आतल्या माणसांची चोरीही असते, ते मी नाकारत नाही. पण हे सगळं तपासायचं काम स्टोअरचं असतं. ते टाळून तूट सरळ मुलींच्या पगारात वाटून टाकली की हिशेब जुळल्यासारखा दिसतो आणि पुढच्या ऑडिटला तेवढीच तूट पुन्हा येते. अशा दुकानात चांगली मुलगी टिकत नाही, आणि ओळखीची नजर फ्लोअरवरून गेली की चोऱ्या आणखी वाढतात.

तू असं कर. पगाराची स्लिप माग. कपात कुठल्या नावाखाली दाखवली आहे ते बघ. मग ठेकेदाराला आणि स्टोअरला, दोघांनाही, एक साधं पत्र दे : अमुक महिन्यात अठराशे रुपये कापले, कारण लेखी द्यावं, माझं म्हणणं ऐकलेलं नाही, रक्कम परत मिळावी. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तरी चालेल, तारीख राहते. ठेकेदार पगार बुडवत असेल तर मूळ आस्थापनेलाही, म्हणजे ज्यांच्या दुकानात तू काम करतेस त्यांनाही, हात झटकता येत नाहीत. उत्तर आलं नाही तर ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय आहे. वकिलाची भीती बाळगू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००, नाहीतर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी कर.

आणि घरी सांग. आईला नाही तर मोठ्या बहिणीला सांग. तुझ्याकडून काही वाईट घडलेलं नाही, मग हे एकटीने मनात का ठेवायचं?

प्रश्न : मॅडम, घोडबंदर रोडला कपड्यांच्या मोठ्या दुकानात ट्रायल रूमला माझी ड्युटी असते. आमच्याकडे कोणी सापडलं की त्याला मागच्या स्टॉक रूममध्ये बसवतात, वस्तूच्या दहापट दंड घेतात, नाही दिला तर घरी फोन करू, पोलीस बोलावू, फोटो टाकू म्हणतात. माफीनामा लिहून घेतात. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मजकूर मीच लिहितो, ते खाली सही करतात. एकदा कॉलेजची मुलगी होती, दोन तास रडत होती. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि तुलाही ते कळतंय म्हणून तू लिहिलंस. आजपासून तो कागद लिहायचा नाही.

दहापट दंड लावायचा अधिकार कुठल्याही दुकानाला नाही. भिंतीवर पाटी लावली तरी नाही. भीती घालून पैसे काढणं ही न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे खंडणी आहे, आणि खोलीत बसवून जाऊ न देणं कलम १२७ खाली येतं. हजाराचा टॉप चोरणारी मुलगी एका बाजूला आणि तिला कोंडून दहा हजार मागणारं दुकान दुसऱ्या बाजूला उभं केलं, तर जड गुन्हा कोणाचा? कायदा आणखी एक गोष्ट म्हणतो : अनेकांनी एका इराद्याने केलेलं कृत्य प्रत्येकाने केलं असं धरतात. त्या मुलीने उद्या तक्रार केली तर दंड घेणाऱ्याची सही कुठे सापडणार नाही, तुझं अक्षर मात्र सापडेल.

सापडलेल्या माणसासमोर दुकानापुढे दोनच रस्ते आहेत. वस्तू परत घ्यायची आणि जाऊ द्यायचं, किंवा पोलिसांना बोलावून फुटेज त्यांच्या हवाली करायचं. पैसे दे नाहीतर पोलीस, असा सौदा करायचा नाही. पोलीस येईपर्यंत माणूस थांबला, तर तो दुकानाच्या पुढच्या भागात, सगळ्यांना दिसेल असा, खुर्चीवर बसलेला हवा. मुलगी असेल तर शेजारी बाईमाणूस हवं. अंगझडती कोणीही घ्यायची नाही. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि तिची अब्रू सांभाळून घ्यावी लागते, मग स्टॉक रूममधल्या पोरांना कोणी परवानगी दिली? सिक्युरिटीच्या गणवेशाने पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. समोरचं पोर अठराच्या आतलं वाटलं तर पालकांना बोलवा आणि तिथेच मिटवा. पोलिसांकडे न्यायचं तर बालकांसाठीच्या पोलीस अधिकाऱ्याकडे, त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

तुझ्या जागेवर चोरी थांबवायची जागा ट्रायल रूमच्या बाहेरच आहे. आत जाताना नग मोज, तेवढ्या आकड्याचं टोकन हातात दे, बाहेर येताना पुन्हा मोज. प्रत्येकाचे मोज, ओळखीच्याचेही. गर्दीच्या शनिवारी मोजणी सोडून तुला बिलिंगला पळवतात की नाही? तिथेच माल जातो. मॅनेजरना हे सांग, आणि दंडाबद्दल कंपनीची लेखी सूचना दाखवा म्हणून माग. मोठ्या साखळीच्या दुकानांत वरच्या ऑफिसला हा प्रकार बहुतेक माहीतच नसतो, कारण दहापट रकमेची पावती कोणी फाडत नाही.

प्रश्न : आमचं नौपाड्यात, गोखले रोडच्या बाजूला, स्टेशनरी आणि भेटवस्तूंचं जुनं दुकान आहे. शाळा सुटली की मुलं घोळक्याने येतात, पेनं, स्टिकर, खोडरबर खिशात घालतात. आमच्या मदतनीसाने एकदोघांना पकडून दोन चापट्या मारल्या. मी कॅमेऱ्यातले फोटो काढून काचेवर लावले, दुकानदारांच्या ग्रुपवरही टाकले. आता एका मुलाचे वडील भांडायला आले. आम्ही नुकसान सोसतच राहायचं का?

उत्तर : फोटो आज काढा, ग्रुपवरूनही. बाकीचं नंतर.

ते बारा-तेरा वर्षांचं पोर आहे. गोखले रोडवरून त्याची शाळा, त्याचे शिक्षक, त्याच्या आईच्या मैत्रिणी रोज ये-जा करतात. प्रकरण पोलिसांत गेलेल्या मुलाचीही ओळख उघड करायला २०१५च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मग जे प्रकरण पोलिसांत गेलंच नाही त्या मुलाचा चेहरा दहा रुपयांच्या पेनासाठी चोर म्हणून काचेवर लावायचा हक्क आपल्याला कुठून आला? मोठ्या माणसाचा फोटो लावला तरी बदनामीचा दावा होऊ शकतो, वस्तू त्याने चोरलीच हे सिद्ध करणं आपल्या अंगावर येतं.

मदतनीसाला हात उचलायला तुम्ही सांगितलं नसेल, पण थांबवलंही नाही. मारहाणीची तक्रार झाली की नाव त्याचं येतं. तो तुमच्या विश्वासावर तिथे उभा आहे. त्याला स्पष्ट सांगा की मुलांना हात लावायचा नाही, आणि त्यापायी एखादी वस्तू गेली तरी तुम्ही त्याच्यावर रागावणार नाही.

नुकसान मात्र सोसत राहू नका. छोट्या दुकानात त्यावर बरंच करता येतं. पेनांचे उघडे डबे गल्ल्यापासून हातभर अंतरावर आणा, नमुन्याचं एक पेन लिहून बघायला बाहेर आणि बाकीची काचेमागे. स्टिकर, किचेन, छोटी खेळणी दाराजवळ लटकवलेली असतील तर आत घ्या. मागच्या कोपऱ्यात गोल आरसा लावा. दुपारची आणि संध्याकाळची शाळा सुटते त्या अर्ध्या तासात गल्ल्यावर एक आणि बाहेरच्या बाजूला एक माणूस हवाच, घरातलं कोणी येऊन उभं राहिलं तरी चालेल. दप्तरं बाहेर ठेवा म्हणू नका, हरवली तर नवीन भांडण. त्यापेक्षा एका वेळी पाच-सहाच मुलं आत घ्या. मुलांची नावं विचारा, कुठल्या वर्गात आहेस, बाई कोण, अशी ओळख काढा. ज्या काकांना आपलं नाव माहीत आहे त्यांच्या दुकानातलं खोडरबर खिशात घालायला मुलाचा हात सहसा धजत नाही.

तरीही एखादा सापडलाच तर बाजूला घेऊन, हळू आवाजात, "ठेव ते जागेवर" म्हणा. तोच पुन्हा सापडला तर आईवडिलांना दुकानात बोलवा, मुलांची गर्दी नसताना.

आणि जे वडील भांडायला आले होते त्यांचा नंबर मिळवून तुम्ही स्वतः फोन करा. फोटो काढले आहेत हे सांगा, मारल्याबद्दल माफी मागा, आणि नंतर मुलाने काय उचललं तेही सांगा. याच क्रमाने सांगा, म्हणजे ते शेवटचं वाक्य ऐकून घेतील.